येऊन राहिला

मराठी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक गीतकार अभ्यासाला लागले. आमच्याच झाडीपट्टीतले, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दिवसभर भोंग्यावर ज्यांची गाणी वाजतात, तेच. मी चिचगडची, मला ती तोंडपाठ. आता त्यांच्यावर 'प्रतिमासृष्टी' वगैरे लिहायचं म्हणजे गंमतच होती. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, गाण्याचा कुठं पेपर असतो का, आणि आल्या-गेल्या पाहुण्याला तेच सांगत सुटले.

अडचण माझ्या बोलण्याची होती. पहिल्या वर्षी वर्गात 'का' म्हणायच्या ऐवजी 'काऊन' म्हणाले आणि सगळे खिदळले. गोंदिया शहरातली, घरीदारी हिंदी बोलणारी पोरंसुद्धा. ज्यांना धड मराठी येत नाही, ती मला हसणार! तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पण या पेपरला सेमिनार होता. वर्गासमोर बोला, नाहीतर नापास. मी सरळ नापास व्हायचं ठरवून टाकलं, इतका राग होता डोक्यात.

हा पेपर शिकवणारे सर पुण्याकडचे. माणूस भला, जीव तोडून शिकवणारा. एके दिवशी वर्गात, दारात नवऱ्याची वाट पाहत उभ्या असलेल्या बाईचं गाणं होतं. शेवटची ओळ दोनच शब्दांची: येऊन राहिला. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मिलन' लिहिलं आणि अर्धा तास समजावलं, की नवरा परत आला, कायमचा राहिला, म्हणून हे तृप्तीचं गाणं. सगळे उतरवून घेत होते. आमच्याच भागातल्या, देवरीच्या दोन पोरीही. त्यांना खरं माहीत होतं, तरी मुकाट लिहीत होत्या. ते पाहून माझी सटकली.

उभी राहिले.

"सर, तो आला नाही जी. तो अजून येऊन राहिला."

सरांना कळेना. मग मी सांगितलं, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतोय, ताट अजून पुढ्यात आहे. तसंच हे. नवरा वाटेत आहे अशी ती बाई मनाची समजूत घालते, आणि गाणं संपतं.

"म्हणजे ती अजून दारातच आहे?" सरांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी 'मिलन' पुसलं, इतकी वर्षं चुकीचं शिकवलं असं हसत कबूल केलं, आणि सेमिनार याच गाण्यावर, माझ्याच बोलीत करायला सांगितलं.

केला. पाऊण तास बोलले. मध्येच पहिल्या बाकावरच्या एका शहरी मुलीनं हात वर केला. आता ही हसणार, म्हणून मी थांबले.

"थोडं धीरे सांग ना," ती म्हणाली, "लिहून राहिली मी."