साभार पोचेच्या पानावरचं परीक्षण

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचतो, आणि खरं सांगू का, हसायलाच वाचतो. मानवतला अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो मी. चिंचेवरची हडळ, फाट्यावर हात करणारी बाई... पोरं वर्गात असलं काही सांगायला लागली की खडू फेकून मारतो. आणि आज मीच लिहायला बसलोय. हसा, तुमचा हक्कच आहे.

आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत मास्तर. देवगाव फाट्याच्या पलीकडं एका खेड्यात उभी नोकरी काढली. त्यांनी एक कादंबरी लिहिली, एकच. दिवाळी सरली की आईबाप पोरांना घेऊन ऊसतोडीला जातात आणि निम्मी शाळा रिकामी होते, त्यावर. नाव देत नाही. देऊनही उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार.

परीक्षणासाठी मासिकांकडं दोन-दोन प्रती पाठवायची रीत असते. अण्णांनी स्वतः कागदात बांधून, पत्ते घालून पाठवल्या. कुणी एक ओळ छापली नाही. फक्त एका मासिकात ‘साभार पोच’च्या यादीत नाव आलं. म्हणजे पुस्तक मिळालं, आभारी आहोत, आता गप बसा! जेवायला आलेल्या पाहुण्याला दारातच ‘आलात? बरं झालं’ म्हणून वाटेला लावावं, तसला प्रकार. त्यानंतर अण्णांनी कथा नाही लिहिली, कविता नाही, साधं वाचकांचं पत्रसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एक दिवस म्हणाले, “बापू, नीट हुडकलं तर घावंल का रे एखादं परीक्षण? शिव्या घातलेल्या असल्या तरी चालतंय. कुणीतरी वाचली व्हती, एवढं कळलं तरी बास.”

मोबाईलवर शोधलं. काही नाही. मग एका जुन्या वाचनालयात गेलो. वाचनालयाचं नाव मुद्दाम टाळतोय, त्यांना उगाच ताप नको. तिथल्या खादरचाचांची जिंदगी मासिकांचे अंक बांधून ठेवण्यात गेलेली.

“पुस्तकाच्या नावानं हुडकू नका, सर,” ते म्हणाले. “वर्षाची सूची शेवटच्या अंकात ऱ्हाती, तिथं परीक्षणं बघा. अन् पुस्तक निघालं त्याच्या फुडची तीन सालं बी बघा. परीक्षण लय उशिरा येतंय. माणूस मेल्यावर बी येतंय.”

तीन दुपारी धूळ खाल्ली. सूचीत अण्णा कुठंच नाहीत. चौथ्या दिवशी तीनच्या सुमारास साभार पोचेचा तो अंक ज्या खंडात बांधलेला, तो उगाच चाळत होतो आणि... समोर अण्णांचं नाव! दीड पान परीक्षण. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.

“चाचा, घावलं!” ओरडलोच मी.

“मग उतरून घ्या की,” ते टेबलावरूनच म्हणाले. “झेरॉक्स बंद हाय.”

मोबाईलवर फोटो काढला. पण छपाई फिक्कट होती, म्हणून सगळंच्या सगळं वहीत हातानं उतरवलं.

संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मधे एक वाक्य आलं : “रिकाम्या बसकरपट्ट्यांसमोर उभे राहून गुरुजी गेलेल्या सगळ्या पोरांची खोटी हजेरी भरतात, ते प्रकरण या कादंबरीचं काळीज आहे, इथे लेखक स्वतःलाही वाचवत नाही.”

अण्णांनी डोळे उघडले.

“परत वाच.”

वाचलं.

“छापलेलं दाखव.”

फोटो उघडला. फोटोत साभार पोचेची यादी! सातव्या नंबरला अण्णांचं पुस्तक, बस्स. मागचे-पुढचे फोटो बघितले. त्या दुपारचा तेवढा एकच होता.

“ते प्रकरण पुस्तकात न्हाईच, बापू,” अण्णा हळू बोलले. “छापायच्या आधी मीच काढलं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. ते निस्तं माझ्या ट्रंकेतल्या वहीत हाय.”

“अण्णा, आईशप्पथ, तिथं छापलेलं होतं!”

“खोटं कशाला बोलायलास? तूच लिव्हलंस हे.”

मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी माझा हात धरला. “लोकांनी न्हाई वाचली तर न्हाई. घरातलं पोरगं माझी वही काढून वाचायलंय, अन् मला पत्ता न्हाई! लय बारीक वाचलंस रे.” आणि रडले. आईच्या वेळीसुद्धा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पळतच वाचनालयात गेलो. तोच खंड, तेच पान. साभार पोच! पानांचे आकडे सलग, शिवण जशीच्या तशी.

चाचा म्हणाले, “काल दोन घंटे ह्येच पान फुडं ठिवून लिव्हायलते की तुमी. मला वाटलं, यादी उतरवायलेत.”

परीक्षण माझं नाही हे अण्णांना पटवायला एक वाक्य पुरे होतं. ‘अण्णा, मी तुमची कादंबरी कधी वाचलेलीच नाही.’ माळ्यावर गठ्ठे होते. मी त्यातली एक प्रत उघडली नाही. लहानपणी कंटाळा, मोठेपणी लाज... मास्तरानं लिहिलेलं काय वाचायचं, असा माज. कुठल्या तोंडानं सांगणार होतो? पुढचे सात आठवडे भेटायला येईल त्याला ते सांगत राहिले, “आमच्या बापूनं परीक्षण लिव्हलंय.” शेजाऱ्यांना, डॉक्टरला, दूधवाल्यालासुद्धा. मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. मग गेले.

तेराव्यानंतर ट्रंक उघडली. ते प्रकरण वहीत आहे. बसकरपट्ट्या, हजेरी, सगळं परीक्षणात म्हटलंय तसंच. माझ्या अक्षरातलं दीड पानही आहे. ते कुणी लिहिलं, कुणी वाचलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

काय म्हणायचं ते खाली म्हणा. फक्त ‘लहानपणी ती वही वाचली असशील आणि विसरला असशील’, एवढं म्हणू नका. मी वाचलीय, याच समजुतीत अण्णा गेले, आणि मी त्यांना जाऊ दिलं.