आम्लबाई आणि यशोदालन

माझी मावशी आमच्याकडेच राहायची आणि हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची. मुलं तिला पाठीमागे आम्लबाई म्हणत, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. "आम्ल तर आम्ल. पाणचट म्हणत नाहीत ना?" असं ती आईला हसून सांगायची. जीभ खरंच तिखट होती. काचेची नळी धरताना मात्र तान्ह्या बाळाची मान सांभाळावी तसा तिचा हात हळुवार व्हायचा.

मग शाळेला नवे मुख्याध्यापक मिळाले. बोलणं असं, की साखरेची पोतीच रिकामी करतायत. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आपली मुलं कॉलेजसाठी तयार व्हायला हवीत." मावशीला ते पटलं. त्यांच्या तयारीचा अर्थ काय, ते महिनाभरात कळलं. शेवटच्या दोन वर्षांची सगळी मुलं सकाळपासून सभागृहात बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. चार पर्यायांतला एक निवडायचा, आणि तोच का, हे विचारायचं नाही. त्यात वेळ जातो म्हणे! प्रयोगशाळेतले ओटे फोडले, तिथे लाल गालिचा अंथरला, भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावले आणि दारावर पाटी ठोकली, 'यशोदालन'. काचेचं सगळं सामान खोक्यांत कोंबून स्वच्छतागृहाशेजारच्या अडगळीत टाकलं.

"आणि प्रात्यक्षिक परीक्षा?" मावशीनं विचारलं.

"होतील की मॅडम. कागदावर अगदी व्यवस्थित होतील."

झाल्या. बाहेरून परीक्षक आले, पंख्याखाली बसून खारे काजू खात राहिले. फळ्यावर प्रयोगांचे आकडे मावशीकडून आधीच लिहून घेतलेले होते, मुलांनी ते उतरवून काढले. मिठाची बोटं पॅन्टला पुसत परीक्षकांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले, आणि उरलेले काजू रुमालात बांधून नेले. त्या दिवशी घरी आल्यावर मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"काय सांडलं का गं हातावर?" आईनं विचारलं.

"काहीच सांडलं नाही ताई. तेच तर. शिसारी आली नुसती."

त्या वर्षी शाळेत पहिली आली ती आमच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी. यशोदालनात तिचा फोटो सगळ्यांत मोठा. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात राहायला गेली, आणि पहिलं सत्र संपायच्या आतच परत आली. शिंपीणबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. पोरगी सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली होती.

"मॅडम, कॉलेजच्या लॅबमध्ये हातात ब्युरेट दिली," ती म्हणाली. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. "मी चित्रात शंभरदा पाहिली होती. पण मी ती उलटी लावली. सगळे हसले. सरांनी विचारलं, एवढे गुण आणले कुठून?"

"मग तू विचारायचंस ना, कशी लावायची ते."

"विचारायचं कसं? आपल्या शाळेत कुणी कधी काही विचारलंय का?"

शिंपीणबाई म्हणाल्या, "मी रात्रंदिवस मशीन मारून हिला शिकवलं. आणि हिला तयार करून पाठवलं म्हणणारे ते लोक आता फोनसुद्धा उचलत नाहीत."

पुढे फोन आला, पण तो शाळेकडून आला. नव्या प्रवेशांसाठी पालक मेळावा होता, आणि मुख्याध्यापकांना त्या मुलीचं भाषण हवं होतं. विषय: 'शाळेनं मला कसं घडवलं'. भाषण त्यांनीच लिहून पाठवलं होतं. मावशी तिला म्हणाली, "जाऊ नकोस. गेलीसच तर खरं सांग." मुलीनं मान डोलावली.

मेळाव्यात मुलगी माईकपुढे उभी राहिली आणि एकही शब्द न चुकता ते भाषण घडाघडा म्हणून मोकळी झाली. "प्रयोगातून शिकण्याची गोडी मला याच शाळेनं लावली," हे वाक्यही आलं. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मुख्याध्यापकांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. मावशी तोंडावर पदर धरून बाहेर पळाली आणि कुंडीत ओकली.

मुलगी मागोमाग आली. "मॅडम, रागावू नका. खरंच सांगणार होते. पण समोर कागद दिसला आणि तोंड आपोआप चालू झालं. मला तेवढंच येतं."

मावशीनं चूळ भरली. रागावली नाही. म्हणाली, "रविवारी घरी ये. दुसरंही काही येईल तुला."

तिनं मुख्याध्यापकांना न विचारता अडगळीतली दोन खोकी रिक्षात घालून घरी आणली. मुतारीचा वास लागलेली ती काच आम्ही बादलीभर साबणात घासली. आमच्या गच्चीवर मुलगी दर रविवारी एकेक थेंब सोडायला शिकली. चुकली की तोंड उघडून विचारायचं, ही मावशीची एकच अट. इतर मुलांनाही तिनं निरोप धाडले होते. दोघं-तिघं आली, तीही लवकरच थांबली. "गच्चीवर खेळायला पाठवायला वेळ नाही आमच्याकडे," एका बापानं तिला भर रस्त्यात सुनावलं.

पुढल्या प्रात्यक्षिक परीक्षेला मावशीनं फळ्यावर आकडे लिहिलेच नाहीत. मुलं कोरे कागद घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसली. मुख्याध्यापक आत आले, गालातल्या गालात हसत स्वतः खडू घेतला आणि आकडे लिहून गेले. गुण पैकीच्या पैकी.

त्याच संध्याकाळी मावशीनं राजीनामा दिला. आता ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या केंद्रात पाणी तपासते. मुलगी कॉलेजात परतली, एका विषयात नापास झाली, मग पास झाली. आता बरी चाललीय.

आणि शाळा? शाळेचा निकाल दरवर्षी वाढतोच आहे. यंदा चौकात त्यांचा भलामोठा फलक लागलाय. त्यावर टॉपर मुलांच्या रांगेखाली मावशीचा फोटो आहे, 'आमच्या अनुभवी मार्गदर्शक'. ती तो काढायला सांगायला गेली. मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "अहो मॅडम, पालकांना तुमचा चेहरा विश्वासाचा वाटतो."

चहाला तिनं हात लावला नाही. फोटो अजून तिथेच आहे.