सत्यप्रत

दोन हजार चारच्या सुमारास तिरोड्याजवळच्या एका शाळेत मी कंत्राटी संगणक ऑपरेटर होतो. दोन संगणक होते, मध्ये एक वायर. याला नेटवर्क म्हणतात, एका संगणकावरचा कागद दुसऱ्यावर दिसतो, हे मी आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे बडेबाबूंना, समजावलं. त्यांना ते मुळीच पसंत पडलं नाही. आवक-जावकमध्ये नोंद न होता कागद टेबलावरून हलतो म्हणजे काय? सुरक्षेसाठी मी पासवर्ड ठेवला, तर त्यांनी तो रीतसर जावक रजिस्टरात चढवला आणि समोर लाल शाईनं 'गोपनीय' लिहिलं.

शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर मी वर्षभर बसून टाइप केलं. संगणकात चढलं म्हणताच मूळ रजिस्टर खिचडीच्या तांदळाच्या खोलीत गेलं. तिथल्या उंदरांनी तांदूळ सोडून आधी तेच संपवलं. मी घाबरलो, आणि सगळ्या नोंदींचा बॅकअप दोन सीडींवर घेतला. हार्ड डिस्क उडाली तर ही दुसरी प्रत कामी येईल, असं बडेबाबूंना सांगून सीड्या त्यांच्या ताब्यात दिल्या.

'प्रत' हा शब्द मी वापरायला नको होता. प्रत म्हटली की साक्षांकन आलं. छापील बाजूला कंपनीचं नाव होतं म्हणून माझ्या माघारी त्यांनी चकचकीत बाजू, म्हणजे संगणक जी वाचतो नेमकी तीच, निवडली, बॉलपेन दाबून सही केली आणि वर गोल शिक्का मारला. मग दोन्ही सीड्या टॅगमध्ये ओवून फाइलला लावल्या. भोक कंपनीनंच पाडून दिलंय, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि नोंदी असलेल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. त्याच आठवड्यात एक गावकरी मुलीला घेऊन आला. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण जातपडताळणीसाठी बापाच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा होता, आणि चार दिवस उरले होते. हेडमास्तर या बापाच्याच वर्गातले. "हा माह्या बाजूले बसे," ते म्हणाले, "पण माह्या सांगण्यानं का होते?"

मी सीड्या लावल्या. पहिली आतल्या आत घरघरत राहिली, दुसरी लगेच बाहेर आली. मी बडेबाबूंना नको नको ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाचता नाही येत, पण सही तं दिसून राहिली ना?" मग बापानं सांगितलं तसा उतारा मला टाइप करायला लावला, 'मूळ अभिलेखाची सत्यप्रत सोबत जोडली आहे' असं खाली लिहिलं आणि सीडी टाचून दिली.

जातपडताळणीच्या कार्यालयात मी स्वतः गेलो. म्हटलं, आता सगळेच आत जाणार. तिथल्या साहेबांनी सीडी उलटी केली, सही पाहिली, शिक्का पाहिला, आणि 'सत्यप्रत पाहिली' असा शेरा मारला. संगणक त्यांच्या कोपराशीच होता. त्यांनी सीडी त्यात घातली असती तर पोरीचं वर्ष बुडालं असतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामाच्या पद्धतीवर माझा जीव जडला.

मुलीचा प्रवेश झाला. आठ दिवसांनी बाप एकटाच आला आणि दारातच उभा राहिला. चौथीनंतर त्याची शाळा सुटली होती, त्याला एकच पाहायचं होतं. "त्या मशीनमंदी माहं नाव हाये म्हणते. एक डाव दाखवा जी."

त्या नोंदीतलं नाव आता कुठेच नव्हतं. ते सांगायची मला लाज वाटली. आत जाऊन मी कोऱ्या पानावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाइप केलं आणि त्याला बोलावलं. काचेवर बोट ठेवून त्यानं एकेक अक्षर लावलं.

"आता मिटवू नोका जी," तो म्हणाला.