क्वालिटीवाले काका आणि एक रिकामा रकाना

कागदावर खोटं न लिहिणारा माणूस मी अख्ख्या कुपवाडात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर राहतो. माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. या धंद्यात चार दिवस बसलं की कळतं, माणूस तोंडाने बोलतो त्याच्या दसपट खोटं रकान्यात लिहितो. उत्पन्न कमी, शिक्षण जास्त, पत्ता भावाचा, फोटो दहा वर्षांपूर्वीचा. मीही त्यातलीच. गिऱ्हाइकाचं काम अडू नये म्हणून "टाका हो काहीतरी" हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं. समोरच्या काकांपुढे मात्र माझं हे 'काहीतरी' एकदाही चाललं नाही.

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटीला होते. क्वालिटीला म्हणजे तयार झालेला माल मापायचा. मापात असला तर पास, नसला तर लाल टॅग बांधून रिजेक्ट, आणि टॅगवर कारण लिहायचं. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पण शर्टाच्या खिशातलं माप घ्यायचं व्हर्नियर काही सुटलं नाही. त्या व्हर्नियरने काकांनी काय म्हणून मोजलं नाही! आधारकार्ड लॅमिनेट करून दिलं तर एका बाजूची कड दोन मिलिमीटर जास्त निघाली म्हणून मला तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा मी मशिन बंद पडल्याचं सांगितलं, तर बिचारे मशिन दुरुस्त करायला आत आले. एकदा घरात भाकरीची जाडी मोजून "एका अंगाला भरतीया" असा शेरा दिला. काकू चुलीपाशी होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझी भाकरी मापात हाय. तुमचं तोंडच वाकडं हाय." काकांनी व्हर्नियर मुकाट्याने खिशात घातलं. त्यांना रिजेक्ट करणारं माणूस जगात हे एवढं एकच होतं.

फॉर्म भरताना तर देवा रे देवा! व्यवसायाच्या रकान्यात सगळे 'निवृत्त' लिहितात. काकांनी लिहिलं, 'पूर्वी माल मापत होतो, आता नाही.' ओळखीच्या खुणेत मी सवयीने 'गालावर तीळ' टाकलं, तर आरसा मागून घेतला आणि तीळ गालावर नसून जबड्यावर आहे असं मला दाखवून दिलं. एका सर्वेक्षणात कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं होतं. काका बराच वेळ पेन धरून बसले आणि मग स्वतःचं नाव लिहून पुढे बारीक अक्षरात 'कागदावर' असं जोडलं. काकूंना मी ते दाखवलं तेव्हा त्या हसून हसून माझ्या स्टुलावर बसल्या. पण एक रकाना काकांनी रिकामा सोडला असं कधी झालं नाही. "रिकामा रकाना म्हंजे माल न मापता पुढं ढकलला," म्हणायचे.

या माणसाच्या पायात एकच काटा होता, आणि तो म्हणजे स्वतःची जन्मतारीख. आमच्याकडे साठीच्या पुढची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकली. बाकीचे लोक त्या दिवशी एकमेकांना हसत शुभेच्छा देतात. काका त्या दिवशी तोंड पाडून बसायचे. कवठे महांकाळकडच्या त्यांच्या गावात ते जन्मले बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी. बैलांच्या अंगावर झुली चढल्या होत्या आणि सुईणीला बोलवायला गेलेला माणूस मिरवणुकीत अडकला होता, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. "आईनं खरं सांगितलं आन् गुरुजींनी खोटं लिवलं. लिवलेलंच चालतंय," असं ते म्हणायचे, आणि प्रत्येक फॉर्मवर एक जून लिहिताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा.

काकूंना काका कधी नावाने हाक मारत नसत, "ऐकलं का" एवढ्यावरच संसार झाला. दोघांना फोन घेतले तेव्हा नंबर मीच भरून दिले. काकूंचा नंबर भरताना काय नाव टाकू विचारलं, तर सत्तरीचा माणूस लाजला हो! दुसरीकडे बघत म्हणाले, "घर टाक." मी 'घर' टाकलं. काकू फोनमध्ये काकांपेक्षा हुशार निघाल्या. रिचार्ज करायच्या, साड्या मागवायच्या, परतही पाठवायच्या. दोघांचं बँकेत जॉइंट खातं होतं, त्यातल्या काकूंच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मीच चालू करून दिले होते. काकांनी स्वतःच्या कार्डावर ते चालू करू दिलं नाही. न बघता, न मापता वस्तू घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

त्यांची मुलगी साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा संसार टिकला नाही, ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, म्हणून नात बालवाडीपासून इथेच राहिली. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही काकांची. नातीची आणि काकूंची गट्टी अशी की माझ्या दुकानात बसूनही त्यांच्या घरातलं खिदळणं ऐकू यायचं. काकूंनी तिला शब्द दिला होता, "चौथी पास झालीस की माझा फोन तुला."

मागच्या दिवाळीनंतर काकू गेल्या. मिरजेच्या दवाखान्यात पाच दिवस होत्या, सहाव्या दिवशी काका एकटे परत आले. त्यानंतरचे कागद मीच भरले. रेशनकार्डातून नाव कमी केलं, मतदारयादीतून कमी केलं, काकांनी फक्त सह्या केल्या, आणि पहिल्यांदाच एकही कागद वाचून बघितला नाही. जॉइंट खात्यातून नाव कमी करायचा बँकेचा फॉर्म तेवढा खातेदाराने स्वतःच्या अक्षरात भरायचा होता. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. भरला असेल असं मी धरून चालले. रिकामा रकाना न सोडणारा माणूस फॉर्मच रिकामा ठेवील, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

घर त्यांनी चालवलं. नातीच्या वेण्या घातल्या, त्याही पट्टीने भांग मोजून. पोरगी शाळेत जाताना माझ्याकडे यायची आणि हळूच म्हणायची, "मावशी, परत घाला ना. आबांनी लांबी सारखी केलीय, पण एक कानावर आलीय." शेवटी मुलीनेच ठरवलं की जूनपासून पोरीला साताऱ्याला न्यायची. पोरगी मोठी होत चालली, काकांचं वय झालं, तिचं चूक नव्हतं. काका फक्त एवढंच म्हणाले, की तिच्या आजीनं फोनचा शब्द दिलाय, तो देऊनच पाठवणार. मुलीने अट घातली: फोन द्यायचा तर लहान मुलांच्या खात्यावरच, वर मोठ्या माणसाची देखरेख पाहिजे, आणि देखरेख आबांनीच करावी. काकांना हे फार पटलं. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर नातीचं तोंड दिसणार होतं. गाडी रविवारची होती, आणि बुधवारी आजोबा-नात माझ्या दुकानात आले.

मी सवयीप्रमाणे सांगितलं, "काका, हिचं जन्माचं साल चार-पाच वर्षं मागं टाकते. फटकन होतंय, सगळे तेच करतात."

काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी काउंटरवरून हात काढून घेतला. "माझी तारीख गुरुजींनी खोटी टाकली, ती जन्मभर वागवली. हिची पयलीच तारीख मी खोटी टाकू व्हय?"

मग खरी तारीख टाकली. लगेच पडद्यावर आलं, मूल लहान आहे, पालकाने आपण सज्ञान असल्याची खात्री कार्डाने पटवावी. "एकाहत्तर वर्सांचा झालो," काका म्हणाले, "आन् मी मोठा हाय का न्हाई हे आता ह्या कार्डाला इच्यारायचं?" तरी त्यांनी कार्ड काढून दिलं. नंबर टाकला, रिजेक्ट. नाव कार्डावर होतं तसं आद्याक्षरांसकट टाकलं, रिजेक्ट. काकांनी चष्मा पुसला, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून नंबर मोठ्याने वाचला, पुन्हा रिजेक्ट. खाली एकच ओळ यायची: काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा.

"काहीतरी म्हंजे काय?" काका तापले. "पस्तीस वर्सं रिजेक्ट केलं, पर टॅगवर कारण लिवल्याबिगर एक बी नग टाकला न्हाई. ह्यास्नी कारण लिवाय काय झालं?"

कारण मला माहीत होतं, त्यांच्या कार्डावर ऑनलाइन चालूच नव्हतं, आणि चालू करा म्हटलं तर पुन्हा तत्त्व निघालं असतं. आणि उपायही समोरच होता. काकूंचा फोन काउंटरवर होता, त्याच्या कव्हरच्या कप्प्यात काकूंचं कार्ड जसंच्या तसं. मी म्हटलं, "काका, काकूंच्या कार्डावर होतंय की. ओटीपी पण ह्याच फोनवर येईल," आणि चार आकडे टाकलेसुद्धा. काकांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

"नगं. ती न्हाई."

"आवं काका, पोरगी रविवारी चालली! कुणाला कळणार आहे?" मी चिडलेच. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

"मला कळंल की," काका म्हणाले. "ती न्हाई आन् तिच्या नावानं व्हय म्हणायचं?" आणि मग व्हर्नियरच्या मागून एक घडी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. बँकेचा फॉर्म होता. घड्यांवर पार विरलेला. सगळे रकाने टपोऱ्या अक्षरात भरलेले. खाते क्रमांक, नाव, नातं, सही. एकच रकाना कोरा. मृत्यूचा दिनांक.

"खोटी तारीख जन्मभर लिवली, हात कवा अडला न्हाई," काका म्हणाले. "ही खरी हाय, आन् लिववंना गं पोरी."

दिवाळीपासून हा माणूस तो कागद छातीशी घेऊन हिंडत होता आणि मी समोर बसून लोकांची उत्पन्नं कमी करत होते. माझे डोळे भरून आले, मी उगाच झेरॉक्सचे कागद सारखे करायला लागले. तेवढ्यात नात स्टुलावरून उतरली आणि आजोबांना खेटून उभी राहिली. "आबा, मी सांगते, तुम्ही लिहा. बाई घालतात तसं श्रुतलेखन." आणि ती खरंच बाईंसारखी, एकेक आकडा सावकाश, दोनदोनदा सांगायला लागली. काका पहिलीतल्या पोरासारखे मान खाली घालून लिहीत होते. शेवटचा आकडा झाल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिने वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे."

मग जे व्हायचं ते रीतसर झालं. बँकेने काकूंचं नाव कमी केलं, दोघांची जुनी कार्डं बंद करून काकांच्या एकट्याच्या नावाचं नवं कार्ड काढलं, काकूंचं सिम काकांनी आपल्या नावावर करून घेतलं. या सगळ्यात पंधरा-वीस दिवस गेले. रविवारची गाडी काही थांबली नाही. पोरगी फोन न घेताच साताऱ्याला गेली. मी स्टँडवर गेले होते. गाडी हलल्यावर काका खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि थांबले. काकूंचा फोन त्यांच्या हातात होता, शंभर टक्के चार्ज केलेला. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या खरेपणाला लय शिव्या दिल्या.

नवं कार्ड पोस्टाने आलं तसे काका पाकिटासकट दुकानात आले आणि त्यावर ऑनलाइन चालू करायला त्यांनी या वेळी स्वतःच सांगितलं. नंबर टाकला, ओटीपी आला, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. "पास," काका पुटपुटले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला जाऊन फोन नातीच्या हातात दिला, आणि दिवस मावळायच्या आत परतही आले. घरात कोण होतं म्हणून लवकर आलात, असं मी विचारणार होते.

आता रोज सातला पाच कमी असताना ते माझ्या दुकानात येऊन बसतात. घरात रेंज येत नाही म्हणतात. घरात रेंज येते, मला माहीत आहे. त्यांनी बोललेलं एवढं एक खोटं मी ऐकलंय. मी झेरॉक्सचं मशिन बंद करते. पहिल्या दिवशी काकांचा फोन वाजला, काकांनी तो काउंटरवर ठेवला होता, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव उमटलं: घर. नंबर काकूंचाच होता ना. दोघेही त्या नावाकडे बघत राहिलो. रिंग वाजून वाजून बंद पडायला आली.

मी म्हटलं, "काका, ते नाव बदलून देऊ का? नातीचं टाकते. उगाच चुकीचं कशाला ठेवायचं?"

काकांनी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. कारखान्यात माल बघत असतील तसा, नीट, वेळ घेऊन बघितला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बरोबर हाय."

आणि त्यांनी फोन घेतला.