ठिबकच्या नळीतलं रक्त

गेल्या महिन्यात जळगावात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि चौघांची भाषणं, ज्यांना प्लेटलेट म्हणजे काय हे सांगता आलं नसतं. गौरव कशाचा, तर वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीला कशा चिकटतात, याच्या माझ्या गणिती मॉडेलचा. एक वक्ता म्हणाला, हे अस्सल खानदेशी मातीतलं गणित. दुर्दैवाने ते खरं होतं.

मी रक्ताची समीकरणं मांडली ती केळीच्या बागेतल्या ठिबकवरून. नळीत पाणी मंदावलं की गाळ बसतो, जोरात सोडलं की धुऊन निघतो. प्लेटलेटचंही तसंच, हे मी गृहीत धरलं. विद्यापीठातल्या आमच्या गणित विभागातले सगळे केळी-कापसाच्या घरातले. कोणालाच शंका आली नाही.

आली ती रावेरच्या माझ्या विद्यार्थिनीला. धमनी अरुंद होते तिथे रक्त वेगाने जातं आणि प्लेटलेट तिथेच जास्त चिकटतात, असं तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण सांगत होतं. तांबड्या पेशी त्यांना कडेला ढकलतात आणि प्रवाहाच्या ताणाने उलगडलेलं एक प्रथिन त्यांना भिंतीशी पकडतं. प्रयोगांतून हे जगाला माहीत झालं होतं. मी वाचलं नव्हतं. त्या उलगडण्याचं समीकरण मात्र तिचं स्वतःचं होतं.

मी म्हणालो, "केळीवाल्यांच्या घरातली ना तू? कधी नळी धुतली नाहीस वाटतं."

"धुतलीय, सर. पण गाळ जिवंत नसतो."

ते प्रकरण मी काढायला लावलं. मार्गदर्शक म्हणून सही माझी लागणार होती. परीक्षकांनी चहा-बिस्किटांबरोबर प्रबंध मंजूर केला. उरलेला प्रबंध माझ्याच मॉडेलवर उभा होता, म्हणून माझी चूक तिच्या नावावर चढली. संशोधन सोडून ती आता धुळ्यात क्लासमध्ये शिकवते.

सत्काराला उत्तर देताना मी हे सगळं सांगितलं. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष गहिवरले. "आबा, केवढा हा विनय," म्हणाले. स्मरणिकेतही तसंच छापणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून भाषणात काय बोललो ते सांगितलं.

"टाळ्या पडल्या का, सर?"

"पडल्या."

"मग कोणाला कळलं नाही."

म्हणून टाळ्यांना जागा न ठेवता लिहितो. तिचं प्रकरण बरोबर होतं. माझं मॉडेल चूक होतं, आणि ते तपासायचा मला कंटाळा आला होता.