सोमवारचे तीन शब्द

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून मेथी निवडत होते. रिठदहून तिचा भाऊ बोलत होता. "ताई, सुटली बाई आमची," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. रडू आलं नाही. अशा आजारात माणूस थोडंथोडं करून जातं, त्यामुळे आपलं रडणंही तसंच आधी होऊन गेलेलं असतं...

मालेगावात वाशीम रस्त्यावर आमचं घर. त्याची पुढची खोली सुजाताने भाड्याने घेतली तेव्हा आम्ही दोघी चाळिशीच्या आत होतो. आम्ही माळी, घरचा भाजीचा मळा, मी शाळेत शिक्षिका. ती रिठदच्या बौद्ध कुटुंबातली, शिकून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ झालेली. लोक तिला डोक्याची डॉक्टर म्हणत आणि ती दरवेळी न कंटाळता सांगे, "मी गोळ्या देत नाही बाई, आयकते." पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांक तिने ठळक रंगवून घेतला होता. मी चिडवायची, "काय वो, मोटारसायकलचा नंबर हाये काय हा?" तिला या थट्टेचं हसू येत नसे. "नंबर हाये म्हनून मले कोनी जाब इचारू शकते. ज्याले जाब इचारता येत नाही, त्याच्यापाशी मन मोकळं करू नाही मानसानं."

तिच्या वडिलांचं डोकं म्हातारपणी गेलं होतं. शेवटी ते लेकीलाच "कोन पायजे?" विचारायचे. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तिने एक रीत लावून घेतली. सोमवारी खोली उघडण्याआधी मी तिला तीन शब्द द्यायचे. मग चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि कप विसळायच्या आधी तिने ते शब्द परत सांगायचे. पेशंटची आठवण ती अशीच तपासायची. चुकलं तर खोली उघडायची नाही, हा तिचाच नियम. कात्री, पूल, भाचा... ती कित्येक वर्षं चुकली नाही, आणि तो आमचा खेळच होऊन बसला.

मग एका सोमवारी ती कप हातात धरून बसून राहिली. "दोन आले. तिसरा काहून येत नाही मले?" मी म्हटलं, झोप झाली नसेल. आलेल्या लोकांना तिने दारात उभं राहून परत पाठवलं आणि आठवडाभर कुलूप काढलं नाही. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम वांगं, भेंडी, दोडका असे शब्द दिले. तिने कप खाली ठेवला. "शोभा, एका वावरातले शब्द एकमेकाले हाका मारतात. मले फसवू नको, दुसरे दे." दुसरे दिले. त्यातला एकही आला नाही. तेव्हा तिने सांगितलं, की काही दिवसांपूर्वी बाजारात एका बाईजवळ तिने दुसऱ्याच बाईच्या मुलीचा विषय काढला होता. ते बोलणं फक्त या खोलीत झालेलं. नाव तोंडातून निघालं नाही म्हणून निभावलं. नागपूरला तपासण्या झाल्या, स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तिने स्वतः नोंदणी देणाऱ्या परिषदेला कळवून नोंदणी सोडली. पाटी आम्ही दोघींनी मिळून उतरवली.

खोली बंद केली म्हणून सगळे तिलाच बोलले. आमच्या चौकात एकाने कुठलासा छोटा कोर्स करून समुपदेशनाची पाटी लावली आहे. नोंदणी नाही, काही नाही, पाटी मात्र दिव्यांनी चमकते. त्याच्यापेक्षा विसरणारी सुजाता बरी, असं मला वाटलं आणि मी ते तिच्या तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "तो चुकते म्हनून मी बी चुकू?" दर गुरुवारी एक तरुण ड्रायव्हर यायचा. त्याचं नाव लिहीत नाही. तिने तर एवढंही लिहू दिलं नसतं. तो म्हणाला, "म्याडम, अकोल्याले जाऊन पुन्हा पयल्यापासून कोनाले सांगू?" तिने अकोल्याच्या मानसशास्त्रज्ञांशी बोलून त्याची वेळ ठरवली, त्याच्या आईला बसवून समजावलं. तो काही वेळा गेला. मग दिवसाचा रोज बुडतो म्हणून जाणं सुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने स्वतःला संपवलं. तोवर सुजाताला भाऊ रिठदला घेऊन गेला होता. मी जाऊन सांगितलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. थोड्या वेळाने म्हणाली, "तो पोरगा गुरुवारी आलता काय?" मी पुन्हा सांगितलं. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखीच रडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, आला होता. "बरा हाये ना?" बरा आहे, म्हटलं.

तिचं चुकलं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. ती त्या खोलीत लोकांचं ऐकत राहिली असती तर एखाद्या दिवशी त्याच पोराचं गुपित भर बाजारात सांडलं असतं. तिच्या खुर्चीत बसायला आमच्या गावात दुसरं कोणी नव्हतं, आणि याचा राग मला अजून येतो... कोणावर काढायचा ते कळत नाही.

शेवटची भेट थंडीतली. तिने मला ओळखलं नाही. "हे बाई कोन?" असं भावजयीला विचारलं. चहा आला. कपाकडे बघता बघता ती एकदम म्हणाली, "शब्द दे." मी तीन शब्द दिले. चहा संपला. ती बराच वेळ आठवत राहिली, मग माझा हात धरून समजुतीच्या सुरात म्हणाली, "नाही येत बाई. आज खोली उघडू नको."

खोली अजून रिकामीच आहे, पाटीचे खिळे तसेच आहेत. गेल्या सोमवारी तो चौकातला समुपदेशक स्वतः आला. खोली मोक्याची आहे, लोकांना सवय आहे, भाड्याने द्या म्हणाला. मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि नोंदणी झाली का विचारलं. "होऊन जाईन ना मावशी, त्याची कायले घाई?" किल्ली माझ्या कमरेलाच होती. त्याचा चहा संपेपर्यंत मी थांबले, कप उचलला आणि म्हटलं, "आज खोली उघडत नाही."