गाठीला सुरी नको
आमच्या बाबांचा एकच हट्ट: गाठीला सुरी लागू द्यायची नाही. सुरी लागली की गाठ अंगभर पसरते, असं मेडशीत सगळेच म्हणायचे. धाकट्या बहिणीच्या गुडघ्याखाली गाठ आली अन् वाशीमच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, तेव्हा बाबा तिला तशीच उठवून घरी घेऊन आले. "दहावीतली पोरगी हाय, वाढीचं दुखणं असते," म्हणाले. मग लेप काय, शेक काय! मी मोठी, मी भांडले. "तुले डॉक्टरीतलं काय समजते?" म्हणून मलाच गप्प बसवलं. तिला वांग्याच्या वाफ्यात निंदायला बसवेना, तेव्हा कुठे नागपूर गाठलं.

हाडाचा कॅन्सर निघाला. पाय मांडीतून काढावा लागेल, असं कळल्यावर बाबा डॉक्टरबाईंना विचारत सुटले, "बाई, आमचं काय चुकलं? फवारणीचं औषध बाधलं काय तिले?"

बाई भल्या होत्या. पेशीतलं कोणतं जनुक कधी चालू, कधी बंद, हे काही प्रथिनं ठरवतात, म्हणाल्या. हाड वाढायच्या वयात वाढवणारी जोरात असतात, आवरणारी त्यांना आवरतात. हिच्या हाडात आवरणारं निकामी झालं अन् वाढवणारी मोकाट सुटली. असं का झालं, ते नक्की सांगता येत नाही.

"म्हंजे ओलीत करणारा गडी झोपला, अन् पाणी वाफा फोडून गेलं," बाबा म्हणाले. "मंग आमचं नाही चुकलं." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. चहा प्यायला खाली गेले. मला असा राग आला, काय सांगू!

ते गेल्यावर बहिणीनं विचारलं, "मॅडम, पैलेच तुकडा काढू देला असता तं?"

बाई घुटमळल्या. "तेव्हा गाठ लहान होती. तेवढं हाड काढून धातूचं बसवता आलं असतं. पाय बहुतेक राहिला असता."

ती चादरीवरून गुडघा चोळत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "बाबाले सांगू नोको."

मी नाही सांगितलं. पण आजही जीव तुटतो माझा. बाबा येईल त्याला ते प्रथिनाचं समजावत बसतात. कुबड्या भिंतीला टेकवून ती शेजारी ऐकत असते, अन् ते कुठे अडले, तर पुढचं तीच सांगते.